चांदीचे हिस्से-पुर्जे

म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ही गोष्ट उभा जन्म शेणाच्या पाट्या उचलल्यावर मला एका फौजीनं सांगितली. मी हसलेच. म्हटलं, "भावजी, कायतरीच काय! दात न्हाईत तर वैरण खाती कशानं?" तर त्यांनी चांदीचं तोंड धरलं, वरचा ओठ अंगठ्यानं मागं सारला आणि काठीचं टोक हिरडीजवळ नेऊन म्हणाले, "बघा वैनी. सरकारनं दिलंच न्हाईत. खाली दात, वर नुसती गादी. गवत जिभंनं गुंडाळायचं, खालच्या दातात न् वरच्या गादीत दाबायचं, मान झटकायची, तुटलं. कोई शक?"

खरंच नव्हते हो दात. इतकी वर्षं मी त्या तोंडासमोर वैरण टाकत आले, पण वाकून आत कधी बघितलं नव्हतं.

हे हवालदार भावजी. आमचे शेजारी. शिराळ्यापासून थोडं आत आमचं गाव, आणि त्यांचा गोठा आमच्या गोठ्याला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. आता त्या घराला कुलूप आहे. चांदी माझ्या दावणीला बांधलेली आहे. पहाटे गुडघे धरून उठते, दिवा लावते, आणि शेण काढायच्या आधी मान आपोआप भिंतीपलीकडं वळते. पलीकडं काळोख. काय बघायचं आहे तिथं, पण मानेला कोण सांगणार!

म्हणून म्हटलं लिहून काढावं. मला लिहायचं वळण नाही. शाळा झाली चौथीपर्यंत, तीही दहिवडीकडं माहेरी शेरडं राखत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. अर्धी गोष्ट मीठ बांधलेल्या कागदावर, आणि उरलेली कुणाच्या तरी साखरेच्या पुडीवर गेलेली. त्यामुळं माझं सांगणंही तसंच होतं, मधूनच सुरू, मधूनच तुटलेलं. सांभाळून घ्या.

भावजी फौजेत नव्या पोरांना बंदूक शिकवायचे. बंदूक खोलायची, एकेक तुकडा चादरीवर मांडायचा, त्याचं नाव सांगायचं, त्याचं काम सांगायचं, आणि शेवटी विचारायचं, "कोई शक?" त्यांच्या तोंडी 'हिस्से-पुर्जे' हा शब्द इतका बसलेला की पेन्शनवर आले तेव्हा घरातल्या पाट्यावरवंट्याचेही हिस्से-पुर्जे झाले. एकदा माझ्या शिलाई मशीनची बॉबिन अडकली, तर मशीन सगळं खोलून अंगणात मांडलं त्यांनी. परत जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला. तो अजून माझ्याकडं आहे, आणि मशीन त्याच्याशिवाय चालतं.

त्यांची बायको शालन. नवरा नोकरीत असताना घर, रान, सासूचं आजारपण, पोराची शाळा सगळं तिनं एकटीनं ओढलं. नवरा सुट्टीवर यायचा तेव्हा ती मला भिंतीवरनं म्हणायची, "पाव्हणा आलाय बाई, आता चार दिस भाकरी जास्त थापायच्या." मग तो पाहुणा कायमचा आला, आणि आल्या आल्या त्यानं अंगणाच्या कडेचे सगळे दगड चुन्यानं पांढरे केले. खाली गेरूची पट्टी. शालन गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. दातांना मिसरी लावलेली, एक बोट तोंडात. पिंक टाकून म्हणाली, "आवं, दगडं नटवून झाली असली तर शेण काढा."

त्यांनी शेण काढलं. पण त्यांना म्हशीतलं काही कळत नव्हतं, आणि ज्यातलं कळत नाही त्याचे हिस्से-पुर्जे पाठ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. महिनाभर ते म्हशीभोवती फिरले, जनावरांच्या डॉक्टरला भंडावून सोडलं, मोबाईलवर कायकाय बघितलं. आणि एका सकाळी गोठ्यात तास घेतला. पलटण कोण? सुट्टीवर आलेले गावातले दोन जवान, भिंतीवरनं मी, आणि दारात सुपात गहू घेऊन बसलेली शालन.

"ध्यान द्या. ही शिंगं. जात पंढरपुरी, म्हणून पार खांद्याच्या मागं गेल्यात. काम, पाठीवरची माशी हाणणं, आणि येळ पडली तर दुश्मन. हे कातडं. काळं, जाड. घाम लय थोडा. म्हणून उन्हात धाप लागती आणि ती डबक्यात बसती. लोक म्हणत्यात म्हस आळशी. आळशी न्हवं, मशीन थंड करती. हे पोट. बाहीरनं एक दिसतंय, आत चार खोल्या. पयली खोली म्हंजे गोदाम. चरताना चावायचं न्हाई, नुसतं गोदामात टाकायचं. मग सावलीत बसून थोडं थोडं वर मागवायचं आणि निवांत चावायचं. त्याला रवंथ म्हणायचं."

"ही फौजेत शिकली असंल," एक जवान म्हणाला. "आमाला बी जेवायला तेवढाच टाइम असतो."

"बोलायचं न्हाई. हे खूर. दोन फाकी. चिखलात पाय पडला की फाकी पसरत्यात, उचलला की मिटत्यात, म्हणून पाय रुतून ऱ्हात न्हाई. ही पोटाखालची जाड शीर, रक्ताची. शीर जेवढी जाड तेवढं दूध जास्त. ही कास. काम, दूध बनवणं आणि साठवणं. हे चार सड. काम, दूध भाईर देणं. कोई शक?"

"हाय की शक," शालन सुपातनं मान वर न करता म्हणाली. "आन् पान्हा कुठं असतो?"

भावजी थांबले. "पान्हा म्हंजे... दूध सडात उतरणं. तो कासंतच."

"कासंत दूध असतं आवं. पान्हा नाकात असतो. थोडा कानात." गव्हातला खडा तिनं बाहेर फेकला. "तिला वास वळकू आला पायजे, हाक वळकू आली पायजे. न्हाईतर तुमची ती शीर आन् ती कास, नुसती भरल्याली घागर. उपडीच हुत न्हाई."

जवान असे हसले की चांदी दावं ओढून मागं सरकली. भावजींची काठी वरच्या वर राहिली. पण माणूस मोठा सरळ. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ मला गाठून म्हणाले, "वैनी, कालच्या सबकात दुरुस्ती. नाक. काम, वास घेणं आणि पान्हा. कान, तेच." आणि शालनकडं बघून कडक सलाम ठोकला. ती लाजली, आणि लाज लपवायला मलाच ओरडली, "बघतीस काय भवाने, तुझी भाकरी करपली!"

चांदीचं नाव कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरनं पडलेलं. ती त्या वर्षी नागपंचमीच्या सुमाराला व्याली, आणि थोड्या दिवसांत तिचं रेडकू दगावलं. रेडकू नसलं की म्हैस दूध चोरते, म्हणजे कास भरलेली असूनही सोडत नाही. लोक मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुस्सा भरून ते समोर उभं करतात. शालननं ते करू दिलं नाही. "आईला फसवायचं व्हय?" म्हणाली. ती नुसती चांदीजवळ जाऊन बसायची. मानेखालची लोंबती कातडी खाजवायची, बांगड्या वाजवायची, तिच्याशी कायबाय बोलायची. चांदीनं मग तिचंच डोकं, तिचेच दंड चाटायला सुरुवात केली, आणि दूध सोडलं. तेव्हापासून ते शालनशिवाय कुणालाच नाही. शालन पाहुण्यांकडं जायची झाली तरी धारेच्या वेळेला परत यायची.

दिवाळीच्या आधी भाजणी भाजता भाजता शालनच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू सगळी गेली. तोंड वाकडं, वाचा गेल्यासारखी. सांगलीला दवाखान्यात नेली. इकडं चांदीची धार माझ्यावर. मी पाय बांधून कशीबशी पिळायचे, पावशेर निघायचं. कास दगडासारखी टणक झाली. डॉक्टर म्हणाले, पान्ह्याचं इंजेक्शन देतो. मी भावजींना फोन केला, त्यांनी खाटेवरच्या शालनला विचारलं. तिनं मान हलवली, नाही.

त्यांचा मुलगा विजय सांगलीलाच असतो, नोकरीत. पोरगा चांगला. त्यानं फ्लॅटमधली एक खोली आईसाठी रिकामी केली, कडेला दांड्याची खाट आणली. दवाखान्यातनं निघताना त्यानं गाडी फ्लॅटच्या दिशेला वळवली, तर शालननं डाव्या हातानं गाडीचं दार धरलं आणि तिच्यातनं एकच शब्द निघाला, "घर." भावजींनी मला हे सांगितलं तेव्हा भिंतीवरचा चुना नखानं खरवडत होते.

विजय म्हणाला, "आण्णा, गावात कोण बघणार हिला? तुमाला तरी काय जमतंय?"

भावजी म्हणाले, "चांदी दुधावर हाय. तिला टाकून कसं येऊ?"

"बरं," विजय म्हणाला. "म्हस दूध देतीय तवर ऱ्हावा. म्हस आटली, की दोघंबी फ्लॅटवर. मग मला काय सांगायचं न्हाई."

झालं, शालनचं घरी राहणं त्या म्हशीच्या कासेवर येऊन ठेपलं. भावजींनी खाट पुढच्या सोप्यात घेतली, गोठ्याच्या दाराकडं तोंड करून, आणि पहाटे चरवी घेऊन स्वतः बसले. आंघोळ करून, दाढी करून, साबणाचा घमघमाट. "चांदी, आराम से," म्हणाले. चांदीनं आरामात लाथ मारली. चरवी माझ्या भिंतीवर येऊन आदळली.

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी पहाटे उठले, मान वळवली, आणि माझ्या हातनं शेणाची पाटी पडली. पलीकडं शालन धार काढायला बसली होती! तेच हिरवट लुगडं, फाटक्या काठाचं, तोच पदर डोक्यावर. मी देवाचं नाव घेणार तेवढ्यात पदर वळला आणि आतनं मिशा दिसल्या.

"वैनी, हसायचं न्हाई," पदरातनं आवाज आला. "मोहीम चालू हाय."

लुगडं शालनचं, धारेला नेसायचं, न धुतलेलं. पदराच्या गाठीत मिसरी. दवाखान्यात काढलेल्या बांगड्या त्यांच्या मनगटात जाईनात, म्हणून सुतळीत ओवून दंडाला बांधल्या होत्या. चांदीनं मान मागं वळवली. पदर हुंगला. गाठ हुंगली. भावजींनी हात हलवला, बांगड्या किणकिणल्या, तसा तिचा एक कान मागं फिरला. मग तिनं मागचे पाय सैल सोडले, शेपूट खाली सोडलं, आणि सड टचटचीत भरले. पहिली धार चरवीच्या बुडावर पडली ती अशी, की ती मला भिंतीअलीकडं अंगावर आल्यासारखी वाटली.

भावजींनी मान सोप्याकडं वळवली आणि मोठ्यानं विचारलं, "ऐकतीस न्हवं?"

आतनं टण् आवाज आला. शालननं डाव्या हातातलं पितळी फुलपात्र खाटेच्या लोखंडावर मारलं होतं.

मी पाटी तिथंच टाकून घरात गेले.

मग ते रोजचंच झालं. धार, "ऐकतीस न्हवं?", टण्. माझं घड्याळच ते. गावाला कळायला कितीसा वेळ लागतो! समोरचे तात्या दूध घालायला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. "हवालदार, टिकली ऱ्हायली की रं!"

"तुज्या बायकूची दे, लावतो," भावजी धार न थांबवता म्हणायचे.

"आरं पन तुला नेसवतंय कोन?"

"सवता नेसतो. बेल्ट लावतो आतनं. सुटत न्हाई."

खरंच लावायचे. फौजेतला रुंद पट्टा, त्यावर लुगड्याच्या निऱ्या एकसारख्या. शालनपेक्षा चापून नेसायचे, हे मी तिलाही सांगितलं. ती अर्ध्या तोंडानं हसली. त्या अर्ध्या हसण्यात ती सगळी दिसायची.

पण गावात मोबाईल आहेत ना. कुणीतरी भिंतीआडनं चित्रण घेतलं, आणि ते इकडनं तिकडं फिरत सांगलीला विजयच्या ऑफिसात पोचलं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो आला. बूट न काढता अंगणात उभा राहिला. मी कोंबड्या झाकत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"आण्णा, हसत्यात लोक! माझ्या साहेबानं मला दाखवलं. इज्जत हाय का न्हाई काय?"

"हाय की."

"लुगडं नेसून? तुमी हवालदार हुता!"

"हवालदार म्हणूनच सांगतो," भावजी शांतपणे म्हणाले. "ड्युटी तशी वर्दी. बर्फात पांढरी घातली, जंगलात हिरवी घातली. गोठ्यात ही."

"उद्या मी म्हस विकतो. संपला विषय."

विजय त्या रात्री सोप्यात आईच्या खाटेजवळ झोपला. पहाटे तो उठून बसलेला मला दिसला, कारण दार उघडं होतं आणि आतला दिवा लागला होता. गोठ्यात धार सुरू झाली. "ऐकतीस न्हवं?" शालनचा चेहरा मला दिसत नव्हता, विजयला दिसत होता. तो बघत राहिला. टण् झालं. थोड्या वेळानं तो उठला, चुलीवर पाणी ठेवलं, आणि भावजी चरवी घेऊन आत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरनं घसरलेला पदर त्यानं हातानं वर सारला. नऊच्या गाडीनं सांगलीला परत गेला. म्हैस विकायचं पुन्हा काढलं नाही.

शालन माघ सरताना गेली. ऊस तुटून शिवार मोकळं झालं होतं. पहाटे धार चालू होती. "ऐकतीस न्हवं?" भावजींनी विचारलं. मी इकडं वैरण टाकत होते. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग धार थांबली. ते तसेच, लुगड्यात, हातात चरवी घेऊन आत गेले. मी चरवी पडल्याचा आवाज ऐकला आणि भिंत ओलांडली. या वयात कशी ओलांडली ते मला माहीत नाही.

सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी तिचं सगळं केलं. हिरवं नवं लुगडं, चुडा, मळवट. भावजी एका बाजूला बसले होते. दहाव्यानंतर तिचे कपडे वाटून टाकायचे, तसे वाटले. पण धारेचं लुगडं कुणाला सापडलं नाही. मला ठाऊक होतं ते कुठं आहे. गोठ्यात माळ्यावर, कडब्याच्या पेंढीमागं. धारेच्या वेळेला ते खाली यायचं, धार व्हायची, परत वर जायचं. बायका कुजबुजल्या, गेलेल्या बाईचं लुगडं नेसतोय, बरं नव्हं. एकदोघी मला म्हणाल्या, तू सांग. मी काय सांगणार? मी त्यांना म्हटलं, तुमीच जावा की सांगायला. कुणी गेलं नाही.

विजय म्हणाला, "आण्णा, आता चला." भावजी म्हणाले, "चांदी आटली की येतो." आधी शालनसाठी ती सबब होती, आता कुणासाठी होती ते त्यांनाच ठाऊक.

आता हे ऐका. विजयची बायको रेश्मा. सासऱ्याला एकटं कसं सोडायचं म्हणून महिनाभर गावी राहिली. शहरातली असून हाताला काम लागलेली, प्रेमळ. तिनं घर झाडलं, भांडी घासली, आणि एक दिवस गोठ्याचा माळा आवरायला चढली. तिला कडब्यामागं लुगडं मिळालं. शेणानं, दुधाच्या शिंतोड्यांनी कडक झालेलं. मामा ते नेसून धार काढतात हे तिनं बघितलं होतं, पण न धुतलेलंच का लागतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आत्यांचं लुगडं, बिचारं किती मळलं! तिनं ते पावडरीत भिजवलं, दोनदा धुतलं, वासाचं पाणी घातलं, कडक उन्हात वाळवलं, फाटका काठ हातशिलाईनं शिवला. मिसरीची गाठही सोडून झटकली. इस्तरी करून सासऱ्याच्या उशाला ठेवलं.

"मामा, आत्यांचं लुगडं धुवून ठेवलंय. आठवण म्हणून ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ."

मी तेव्हा ताक मागायला त्यांच्या दारात उभी होते. भावजींनी लुगड्यावर हात ठेवला. उचलून नाकाशी नेलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "बरं केलंस पोरी." तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

संध्याकाळच्या धारेला ते लुगडं नेसून बसले. मी माझ्या बैलाला पाणी दाखवत होते, पण लक्ष तिकडंच. चांदीनं मान वळवली. पदर हुंगला. नाकपुड्या फुलवून फुर्रकन सोडलं. पुन्हा हुंगला. भावजींनी बांगड्या वाजवल्या, तर कान हलला, पण नाक पटेना. तिनं पाय आवळून घेतले आणि सोप्याच्या दाराकडं बघून हंबरली. रेडकू गेलं होतं तेव्हा हंबरायची तशी.

भावजी उठले. लुगडं सोडलं. पट्टा सोडला. लुगड्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, पलटणीत घालतात तशी, आणि गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली. मग बंडीवर आणि अर्ध्या चड्डीवर चांदीच्या तोंडासमोर उकिडवे बसले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वैनी, हिला अजून म्हाईत न्हवतं."

मला आधी कळलंच नाही.

"म्या सांगितलंच न्हाई हिला. रोज हिला वाटायचं, शालनच बसलीय." त्यांनी तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला. "चांदे. शालन गेली गं. उसाचं शिवार मोकळं झालं तवाच गेली. तुला सांगायचं ऱ्हायलं."

आणि मग त्या माणसानं, बायको गेल्या दिवशी ज्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं त्यानं, म्हशीच्या मानेत तोंड घातलं. चांदी रवंथ करायची थांबली होती. थोड्या वेळानं तिनं जीभ काढली, ती खरखरीत लांब जीभ, काम गवत गुंडाळणं, आणि त्यांच्या टकलावरनं, मानेवरनं, बंडीवरनं फिरवली.

त्या संध्याकाळी दूध निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रेश्मा म्हणाली, आता म्हैस आटली, मामांना घेऊन जाऊ. भावजी म्हणाले, "थोडं थांब." ते रोज दोन्ही वेळेला आपल्याच बंडीवर जाऊन बसत. आंघोळ आधी करणं त्यांनी सोडलं. लुगडं नाही, बांगड्या नाहीत, मिसरी नाही. नुसते बसत, मानेखालची कातडी खाजवत. कधी शालनबद्दल सांगत, मला तुटक ऐकू यायचं. आमच्या दोघांच्याही वयाला ऐकणं-बोलणं आता दमवतं. मी भिंतीशी असायचे, पण शब्द घालायचे नाही.

पुढं उन्हाळ्यात चांदी आपोआप आटली, जशी प्रत्येक म्हैस आटते. भावजी दिल्या शब्दाला जागले. तिचं दावं माझ्या हातात दिलं, दाराला कुलूप लावलं आणि सांगलीला गेले. तिथं फ्लॅटच्या खाली कुंड्या पांढऱ्या केल्यात म्हणे, गेरूच्या पट्टीसकट. परवा फोनवर मला विचारलं, चांदी गाभण राहिली का. म्हटलं, राहिली. म्हणाले, "शीर बघत चला."

पण भावजी म्हटलं की मला सांगलीच्या गाडीत बसणारा माणूस आठवत नाही. मला आठवते ती त्या वाट बघण्यातली एक पहाट. मी तांब्या घेऊन गोठ्यात आले होते. पलीकडं दिवा. भावजी बंडीवर, गुडघ्यात चरवी, डोकं चांदीच्या कुशीला टेकवलेलं. चांदीनं मान मागं नेऊन त्यांचा खांदा हुंगला. एक श्वास सोडला. आणि शेपूट खाली सोडलं.

धार आली. बारीक, तुटत तुटत. मग सलग.

त्यांची मान सवयीनं सोप्याकडं वळली. तोंडातनं निघून गेलं, "ऐकतीस न्हवं?"

सोप्यात रिकामी खाट होती. फुलपात्र रेश्मानं घासून फळीवर ठेवलेलं. माझ्या हातात तांब्या होता, आणि भिंतीचा दगड हाताशी होता. मी तांब्या पोटाशी धरून उभी राहिले. तो वाजवणं माझं काम नव्हतं.

भावजी थोडे थांबले. चांदीनं कान त्यांच्याकडं फिरवला होता. मग त्यांनी कपाळ पुन्हा तिच्या कुशीला टेकवलं, आणि धार चालू झाली.